एका सुतासाठी कोल्हापूर

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, कुस्त्या बघायला जातात. मी मामांच्या मोटारीचा ब्रेक पिशवीत घालून गेलो. मोटार वाईतच होती, पुढची चाकं विटांवर टेकवून. माझ्याकडं होता तो तिचा मास्टर सिलिंडर, म्हणजे वीतभर लांबीचा ओतीव लोखंडी नळा. ब्रेकवर पाय पडला की ह्या नळ्यातला दट्ट्या पुढं सरकतो, आतलं तेल चारी चाकांकडं ढकलतो आणि गाडी थांबते. निदान थांबावी अशी अपेक्षा असते.

गाडी विलायती आहे. दोन माणसांची, बिनछपराची, नाकानं जमीन हुंगत चालणारी. अठरा वर्षांपूर्वी ती कोल्हापूरच्या एका सरदार घराण्यात आली आणि आठ वर्षांपूर्वी तिथून मामांकडं. मामा दातांचे डॉक्टर. दर शनिवारी पसरणी घाट चढून ते पाचगणीच्या शाळांतल्या मुलांचे दात तपासायला जातात. चार माणसांच्या कुटुंबाला एक सायकल मिळत नाही त्या देशात दोन माणसांना चार चाकं कशाला, असं एक पत्रक मी लिहिलं होतं आणि पहिली प्रत मामांनाच दिली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि "शनिवारी येतोस का घाटात?" म्हणून विचारलं. मी गेलो. शत्रू जवळून पाहिलेला बरा.

उतरताना तिसऱ्या वळणावर मामांचा पाय ब्रेकसकट फळीपर्यंत खाली गेला आणि गाडी चालतच राहिली. मामांनी हातब्रेक ओढला, चाक डोंगराच्या बाजूला वळवलं, आणि आम्ही रस्तादुरुस्तीच्या खडीच्या ढिगात जाऊन थांबलो. खडी सरकारी होती. सार्वजनिक क्षेत्रानं खासगी मालमत्ता इतक्या तत्परतेनं वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

घरी मामी फारसं बोलल्या नाहीत. "येत्या शनिवारी ही गाडी जागच्या जागी थांबली नाही, तर रविवारी ती भंगारवाल्याच्या दारात थांबेल," एवढंच म्हणाल्या. एसटीनं जा, असं त्या म्हणू शकत नव्हत्या. मामांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेलेला आहे आणि एसटीची ती उंच पायरी त्यांना चढवत नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, मामा सोडून. मामांच्या मते एसटी वेळेवर येत नाही, म्हणून ते जात नाहीत. म्हणजे गाडी गेली की पाचगणी गेली, आणि पाचगणी गेली की मामा आरामखुर्चीत. उलट ब्रेक चुकीचा बसला तर मामा दरीत. मधली वाट शोधायची जबाबदारी घरातल्या एकमेव रिकाम्या माणसावर, म्हणजे लेखकावर, येऊन पडली.

काम तसं सोपं वाटत होतं. नळ्याच्या अंगावर ओतीव आकड्यांत नंबर होता. मामांकडं कारखान्याचं पुस्तक होतं, त्यात तोच नंबर होता, आणि पुढं आतल्या भोकाचं माप: सात सूत. कारखान्यातली माणसं इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. पुण्याच्या दुकानांनी महिनाभराची मुदत सांगितली होती. कोल्हापुरात संस्थानी गाड्यांचे सुटे भाग अजून मिळतात असं मामा म्हणाले. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवतात. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, आणि छापलेल्यावर माझा विश्वास पहिल्यापासून. नंबर छापलेला, माप छापलेलं. आता शोधायचं ते काय?

मंगळवारी निघालो. कराडच्या पुढं शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी मला कोपरानं ढोसलं.

"पावणं, पिशवी गळतीया."

नळ्यात उरलेलं ब्रेकचं तेल पिशवीतल्या पत्रकांवर उतरलं होतं. कोल्हापुरात वाटायला म्हणून मी शंभर प्रती घेतल्या होत्या.

"खायाचं त्याल हाय?"

"ब्रेकचं आहे. मोटारीच्या."

"मोटार कुठाय?"

"वाईला."

"आन ब्रेक हितं?" गृहस्थांनी पिशवी बोटानं दाबून पाहिली. "मग तिकडं मोटार कशानं थांबलीया?"

विटांनी, असं सांगावंसं वाटलं नाही.

शिवाजी पेठ

माझा कॉलेजातला मित्र विलास शिवाजी पेठेत राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्याकडं उतरलो. वाईत पाहुण्याला आधी विचारतात, कधी आलात. त्यात परत कधी जाणार हा प्रश्न सुप्तपणे असतो. इथं विलासच्या आईनं काहीच विचारलं नाही. पाट मांडला, पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं ठेवली आणि मी ती संपवली की पुन्हा भरायचा सपाटा लावला. तिसऱ्या वाटीला मी हात आडवा धरला तर त्या हातावर ओतायला निघाल्या.

"तिकडं काय वारा खाऊन ऱ्हात्यात व्हय रं?" त्यांनी विलासला विचारलं. माझ्याशी बोलण्याइतका मी त्यांच्या लेखी अजून भरलेला नव्हतो.

पेठेत दर चार घरांमागं एक तालीम आणि दर तालमीचा एक फुटबॉलचा संघ. लाल मातीत अंग घुसळणाऱ्या माणसांना फुटबॉलचा नाद कसा लागला, ते मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिघंही छातीठोकपणे बोलले. "ठाऊक नाही" हे वाक्य कोल्हापूर नगरपालिकेच्या हद्दीत बोलायला बंदी असावी. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

बुधवारी सकाळी विलास मला स्टेशन रोडवरच्या सुट्या भागांच्या एका दुकानात घेऊन गेला. मालकांना सगळे भाऊ म्हणत होते. त्यांनी नळा उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढून नंबर वाचला, माझ्या पुस्तकाशी ताडून पाहिला, आत गेले आणि खोकं घेऊन बाहेर आले.

"सात सूत. विलायती. ह्यो एकच ऱ्हायलाय बघा, तुमच्यासाठीच थांबलावता."

खोक्यावर तोच नंबर छापलेला. मी मनातल्या मनात परतीच्या गाडीत बसलो होतो. मग केवळ हात रिकामा होता म्हणून मी जुना दट्ट्या काढून नव्या नळ्यात सोडून पाहिला. तो आत जाऊन खुळखुळ्यासारखा वाजला.

"भाऊ, हा ढिला होतोय."

"अठरा वर्सं घासलाय न्हवं? झिजला."

"पण जुन्या नळ्यात घट्ट बसतो."

भाऊंनी जुन्या नळ्यात घालून पाहिला. बसला. "मग नळाबी झिजला आसंल."

"नळा आतून झिजला तर भोक मोठं होईल. हे लहान आहे."

दुकानात स्टुलावर एक गिऱ्हाईक बशीतून चहा पीत बसलं होतं. त्यानं बशी खाली ठेवली. "पावणं, तुमी विंजनेर हाय?"

"नाही. लेखक."

"मग घ्या की गप," तो म्हणाला आणि बशी उचलली.

अठरा वर्षांत दट्ट्या झिजून बारीक झाला आणि नळा त्याच्या मायेपोटी आकसत गेला, हा शोध कोल्हापूरच्या बाजारपेठेत एकमतानं मंजूर झाला. खोक्यात नवा दट्ट्या होताच, तो नव्या नळ्यात चोख बसत होता, आणि नळा गाडीला बोल्टनं सरळ लागला असता. नंबर, पुस्तक आणि खोकं एका बाजूला. वाजणारा जुना दट्ट्या दुसऱ्या बाजूला. माझं मत तिघांच्या बाजूनं होतं. पण खडीच्या ढिगात मीही बसलो होतो, आणि ढीग काही दर वळणावर नसतो. उद्यापर्यंत खोकं राखून ठेवा, असं भाऊंना सांगून आम्ही निघालो.

"सायेब, गाडी आली नंबरासंगट, गेली नंबरासंगट," भाऊ मागून म्हणाले. "नंबराच्या म्होरं शहाणपना करू नये."

मलाही आयुष्यभर असंच वाटत आलं होतं. फक्त ते असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं नाही.

उद्यमनगर

उद्यमनगरात रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोखंड कातणारे खराद फिरत असतात आणि काळ्या वाळूचे ढीग पडलेले असतात. इथली माणसं तेलाच्या इंजिनापासून घंटेपर्यंत काहीही ओतून देतात, असं विलास अभिमानानं सांगत होता. एका ओतशाळेत तिचे मालक, पाटील, स्वतः साच्यावर वाकलेले होते. त्यांनी मान वर न करता नळा हातात घेतला.

"मॉडेल ठिवून जा. परवा धा नळं घिऊन जा."

"मला एकच हवाय."

"एकासाठनं भट्टी लावत न्हाय. धा घ्या, नऊ वाटा."

"पण मापाचं काय? सात सूत की त्याहून कमी?"

"तुमाला कुठलं पायजे?"

"तेच शोधायला आलोय."

"मग पाच सात सुताचं, पाच सहाचं." पाटलांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

समाजवादी उत्पादनव्यवस्थेत गरजेप्रमाणे वस्तू तयार होते, असं मी वाचलं होतं. पाटलांकडं वस्तूप्रमाणे गरज तयार होत होती. पण त्या माणसाच्या हातात काहीतरी होतं. त्यानं नळा उजेडाकडं धरला, आत बोट घातलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"आत पितळ हाय की."

मी वाकून पाहिलं. काळ्या तेलाखाली पिवळी कड चमकत होती. नळा लोखंडाचा, पण आतून पितळेचं अस्तर.

"लायनर घातलाय कुनीतरी. सात सुताचं भोक हुतं, आतनं पितळंची नळी ठोकून सहा सुताचं केलंय." पाटलांनी मापाची सळई आत सरकवली. "चोख सहा. ह्यो कारखान्याचा उद्योग न्हवं, हितलाच हात हाय. शिवाजी पेठेत म्हादबा मिस्त्री म्हनून हाय, सरदारांच्या गाड्या त्योच बघायचा. त्येला इचारा."

"पण असं का करतात?"

"भोक खराब झालं की करत्यात. पर तवा मूळ मापाचं करत्यात. ह्येनं ल्हान का केलं त्ये म्हादबाच सांगंल." मग नळा परत देत, "आन धा नळ्यांचं काय करायचं?"

एक गोष्ट कळली. नळा बाहेरून एक बोलत होता आणि आतून दुसरं. पुढाऱ्यांच्या बाबतीत मी हे ओळखायला शिकलो होतो. लोखंडाकडून ही अपेक्षा नव्हती.

मैदान

म्हादबा मिस्त्री दुपारी घरी नव्हते. पेठेच्या संघाचा सामना होता, त्यामुळं घरी कुणीच नव्हतं. मैदानावर दगडी पायऱ्यांवर ते बसले होते: सत्तरीचे, वाळलेले, डोक्याला मळका पटका, नजर चेंडूवर. विलासनं ओळख करून दिली. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

"मिस्त्री, हा नळा जरा—"

"हाफटाइम हू दे."

हाफटाइम झाला. त्यांनी हात पुढं केला, मी नळा दिला. नंबर त्यांनी पाहिलाही नाही. नळा फिरवून त्यांनी करंगळी आत घातली आणि ती तिथंच ठेवली. त्या बोटाला आत काहीतरी ओळखीचं भेटलं असावं, कारण खेळ पुन्हा सुरू झाला तरी त्यांचं मैदानाकडं लक्ष गेलं नाही. थोड्या वेळानं पेठेच्या संघानं गोल केला. सगळ्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या, छत्र्या उडाल्या, कुणाचा तरी पटका माझ्या डोक्यावर आला. म्हादबा मिस्त्री बसून होते.

"ह्ये कुठनं आनलंसा?"

मी सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी गळती लागली म्हणून वाईच्या मेकॅनिकनं आतलं रबर बदललं होतं, नंबर देऊन पुण्याहून मागवलेलं, तेही सांगितलं. मिस्त्रींनी खिशातून वाकडी तार काढली, आत घातली आणि रबर ओढून बाहेर काढलं. त्याची कड मुडपून आत गेली होती, बुटात मोजा गोळा होतो तशी.

"सात सुताचं रबर सहा सुतात कोंबलंय," ते म्हणाले. "चार रोज चालतंय. मग मुडपतंय, आन पाय खाली जातोय."

म्हणजे आम्हाला घाटात फेकलं होतं ते छापील नंबरानं.

"लायनर तुम्ही घातलात ना? मग सात सूत खरं की सहा?"

"त्ये मी न्हाय बोलायचा. सरकारास्नी इचारल्याबिगर न्हाय."

सरकार म्हणजे गाडीचे पहिले मालक. संस्थानं जाऊन पाव शतक होत आलं, तनखेही गेले, पण करंगळीनं सूत मोजणारा कारागीर एका मोटारीच्या नळ्याबद्दल बोलायला अजून सरकारांची परवानगी मागत होता. मी ह्यावर तिथंच पायऱ्यांवर दहा मिनिटं बोललो. मिस्त्रींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"घसा सुकला आसंल," ते म्हणाले. "चला, दूध पिऊ."

गंगावेशीत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गवळी आपल्या समोर धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. वाईत दूध म्हणजे चहाला रंग येण्यापुरतं. इथं माणसं आमच्याकडच्या लोट्याएवढे पेले उभ्यानं रिकामे करून मिशा पुसत होती. मीही एक पेला घेतला, तत्त्व म्हणून संपवला, आणि रात्रभर त्या तत्त्वाची किंमत मोजली. मिस्त्री दोन पेले प्यायले.

सरकार

गुरुवारी सकाळी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात उंच खुर्चीवर सरकार बसले होते. खांदे अजून रुंद, कान कुस्तीगिरासारखे मोडलेले. मिस्त्री पायऱ्यांखालीच चप्पल काढून उभे राहिले. मला बसा म्हणायच्या आत मी मुद्दाम समोरच्या खुर्चीवर बसलो. तिची वेताची बैठक फाटलेली होती आणि मी अर्धा आत गेलो. सरंजामशाहीला इतक्या जवळून भेटायची माझी तयारी नव्हती.

सरकारांनी नळ्याभोवतीचा तेलकट कागद पाहिला. "हे काय आहे?"

"पत्रक आहे."

"काय म्हणतं?"

मागं हटायचं नाही म्हणून मी मोठ्यानं वाचलं. खासगी मोटार ही समाजाच्या छातीवरून धावणारी चैन आहे, वगैरे.

"बरोबर आहे," सरकार म्हणाले. "म्हणून आम्ही विकली. हा तुमचा मामा का घेऊन बसलाय?"

मी पत्रक पुन्हा नळ्याभोवती गुंडाळलं.

मग ते गाडीबद्दल बोलू लागले आणि थांबेनात. तिचा ब्रेक पायाखाली लोण्यासारखा होता. गाडी चार वर्षांची असताना दिवाणजींनी कुरकुर लावली होती, सरकारांना आखाड्यात मार लागलाय, पाय अधू झालाय, आता गाडी नको म्हणून. "आम्ही विलायतेहून नवा सिलिंडर मागवला, बसवला, आणि दिवाणजींना शेजारी घालून रंकाळ्याला फेरी मारून आलो. जागच्या जागी थांबवली. दिवाणजींचं पागोटं पुढं गेलं. पायात काही दोष असता तर थांबली असती? का रे म्हादबा?"

"न्हाय सरकार."

"नवाच होता ना तो सिलिंडर?"

"व्हय सरकार. ईलायती."

"मग ह्यांना सांग तसं."

"सांगतो सरकार."

बोलता बोलता मिस्त्री पुढं झाले होते. कुणी काही म्हणालं नव्हतं, पण त्यांनी खुर्चीजवळचं पायटेकण सरकवून सरकारांच्या उजव्या पायाखाली घातलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. सरकारांनी खाली पाहिलंही नाही. आम्ही निघालो तेव्हा ते उठले नाहीत. "आज कंटाळा आलाय," म्हणाले.

फाटकाबाहेर मिस्त्रींनी चप्पल घातली आणि मला पहिला प्रश्न विचारला.

"गाडी कोन चालवतं?"

"मामा."

"पाय कसा हाय त्यांचा?"

भाऊंनी नंबर विचारला होता, पाटलांनी नग विचारले होते. पाय कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं की उजवा गुडघा गेलेला आहे, पण ते मानत नाहीत.

मिस्त्रींनी नळा माझ्या हातातून घेतला. "मग सात सूत घालू नगा. सात सुताला पायाचा जोर लई लागतोय. सहा सुताला दट्ट्या वाईच ज्यादा सरकतोय, पर जोर कमी लागतोय. घाटात उतरताना त्यो फरक कळतोय."

"म्हणजे सरकारांसाठी..."

"सरकारांचा गुडघा आखाड्यात उखडला. ब्रेक दाबला तर डोळ्यात पानी यायचं. गाडी गेली आसती तर त्यो मानूस खचला आसता. मी एका दुपारी लायनर ठोकला आन ईलायतीचं जुनं खोकं दाखवलं. सरकार खूस, दिवाणजी गार."

"पण हे खोटं झालं, मिस्त्री. आणि नंबर तसाच राहिला. त्या नंबरावर भरवसा ठेवून आम्ही दोघं मरत होतो."

"व्हय," ते म्हणाले. "त्ये मातुर माझं चुकलं. आत कुठंतरी खूण कराय पायजे हुती. पर खूण केली आसती तर कुनीतरी वाचली आसती." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आनखी एक खोटं बोललो. पुढं पाय पारच गेला. तवा मीच सांगितलं, सरकार, सिलिंडर गेला, आता ह्यो ईलायतीतबी मिळत न्हाय. तवा इकली त्यांनी. सिलिंडर ठनठनीत हुता. तुमच्या मामास्नी आठ वर्सं चालला की."

मला रागावता आलं असतं. सबंध व्यवस्थेचं ते एका नळ्यात उतरलेलं चित्र होतं: मालकाच्या अहंकारासाठी कामगार खोटं बोलतो आणि त्याचं प्रायश्चित्त तिसराच घेतो. वाक्यही तयार होतं. पण मामा ब्रेक दाबताना खालचा ओठ दाताखाली धरतात, हे मी दोन वर्षं पाहत होतो आणि ती एकाग्रता आहे असं समजत होतो. मी एवढंच विचारलं, की नवा लायनर मिळेल का.

दुपारभर उद्यमनगरात, पाटलांच्या शेजारच्या खरादावर, मिस्त्रींनी आपल्या समोर पितळेची नळी कातून घेतली. जुनीवर रेघा पडल्या होत्या, त्यांत रबर अडकून पायाला जोर जास्त लागत होता. खरादवाला दोनदा झालं म्हणाला, दोन्ही वेळा मिस्त्रींनी करंगळी घालून मान हलवली. तेल परत येण्यासाठी नळ्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते लायनरमध्ये नेमक्या जागी पाडलं नाही तर ब्रेक दाबलेलाच राहतो. ते त्यांनी स्वतः पाडलं, श्वास रोखून. ह्या वेळी त्यांनी आणखी एक काम केलं. नळ्याच्या बाहेरच्या कडेवर, नंबरापासून दूर, छिन्नीनं सहा बारीक रेघा मारल्या.

"वाचनाऱ्याला कळंल," ते म्हणाले. "मामास्नी मातुर सांगू नगा. आन सरकारांचं कुनालाच न्हाय." मग माझ्याकडं रोखून पाहिलं. "पर ध्यान ठिवा. पाय आनखी गेला तर गाडी काढून घ्यायची. कसंबी."

दोन्ही अटी मी पाळतो आहे. सरकार मराठी मासिकं वाचत नाहीत आणि मामा माझं लेखन वाचत नाहीत, तेव्हा हे इथं लिहिणं म्हणजे जवळजवळ गुपितच आहे.

सहा सुताचं रबर भाऊंच्याच दुकानात मिळालं. ते देशी गाड्यांनाही लागत असल्यानं डबाभर पडलं होतं. राखून ठेवलेलं खोकं मी परत केलं.

"म्हंजे छापलेलं खोटं व्हय?" भाऊंनी विचारलं.

"खरं आहे. गाडीपुरतं."

स्टुलावर तोच माणूस बसला होता. "लेखक पावणं," तो म्हणाला, "इतकं फिरण्यापरास मामाच बदलला आसता तर?"

पसरणी

शुक्रवारी पोचलो. संध्याकाळी वाईच्या मेकॅनिकबरोबर नळा बसवला. बसवताना त्यानं रेघा मोजल्या आणि सहा सुताचं रबर मागून घेतलं. शनिवारी मामी फाटकाशी उभ्या राहिल्या. दोन माणसांच्या गाडीत तिसऱ्याला जागा नसते, नाहीतर त्या आल्याच असत्या.

येताना, उतरणीवर, मी तिसरं वळण मोजत होतो. खडीचा ढीग उचलला गेला होता. रस्ता दुरुस्त झाला होता, वेळेआधी. असं पूर्वी कधी झालेलं नाही. समोरून उसाचा ट्रक आला. मामांनी ब्रेक दाबला. गाडी डुलली नाही, सरकली नाही, थांबली. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ मोकळा होता.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "गुडघा, गुडघा म्हणून घरात सगळे माझ्या मागं लागलेत. भाग अस्सल असला की पाय आपोआप चालतो. पुस्तकाप्रमाणेच मिळाला ना?"

"नंबर तोच आहे, मामा."

ट्रक निघून गेला. पुढच्या वळणाआधी, रस्ता पूर्ण मोकळा असताना, त्यांनी पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला. मी त्यांच्या गुडघ्याकडं बघत होतो.